पूर्वजांचे विषाणू, पेशंटचा रिपोर्ट

मानवी डीएनएत प्रथिनं घडवणारा मजकूर जेमतेम दीड टक्का. जुन्या रेट्रोव्हायरसच्या अवशेषांचा वाटा मात्र ८ टक्क्यांच्या आसपास. लाखो-कोट्यवधी वर्षांत हे विषाणू आपल्या पूर्वजांच्या बीजपेशींत शिरले आणि वारसाहक्कानं आपल्यापर्यंत आले. (त्यांची लागण होत नाही. ल्युकेमियाच्या पेशंटपासून लांब बसणाऱ्या नातेवाइकांसाठी हे मुद्दाम सांगतो.) बहुतेक अवशेष मोडकळीला आलेत, आणि पेशी त्यांना मिथाइल या रासायनिक गटाचं कुलूप घालून गप्प ठेवते.

ल्युकेमियात यातली काही कुलपं निखळतात. मग कुठला अवशेष किती जागा झालाय, यावरून पेशंटच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज बांधता येईल, अशी आशा संशोधकांना वाटते. कल्पना मोहात पाडणारी आहे. म्हणूनच जरा सबुरीनं घ्यावं. एएमएल या ल्युकेमियाच्या प्रकारात डॉक्टर आजही क्रोमोसोममधले बदल आणि एनपीएम१, एफएलटी३, टीपी५३ ही जनुकं पाहून पेशंटचा जोखीम-गट ठरवतात. नुसत्या केमोवर भागेल की बोन मॅरो ट्रान्सप्लांट लागेल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं. या जनुकांना जे सांगता येत नाही ते विषाणूच्या अवशेषानं सांगितलं, तरच त्याला रिपोर्टात जागा द्यावी. शिवाय या अवशेषांच्या एकेका घराण्याच्या शेकडो प्रती डीएनएभर विखुरलेल्या असतात. सिक्वेन्सिंगमधून हाती येणारा आखूड तुकडा त्यातल्या नेमक्या कुठल्या प्रतीचा, हे पुष्कळदा ठरतच नाही.

मला जास्त पटतं ते अवशेषांचं प्रत्यक्ष काम. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या गटानं २०२० मध्ये दाखवलं, की यातले काही तुकडे एएमएलच्या पेशींत शेजारच्या जनुकांना चेतवतात. एपीओसी१ या जनुकाजवळचा असा एक तुकडा प्रयोगशाळेत काढून टाकला, तर ल्युकेमियाच्या पेशींची वाढ मंदावली आणि त्या मरू लागल्या.

याची उलटी बाजू औषधात दिसते. ॲझासायटिडीन अमेरिकेत २००४ पासून एमडीएस या बोन मॅरोच्या आजारासाठी मान्य आहे. असली औषधं मिथाइल हटवतात. त्यानं सुप्त विषाणू जागे होतात आणि पेशीला खराच विषाणूहल्ला झाल्यासारखं वाटून तिची इंटरफेरॉनची यंत्रणा कामाला लागते, हे २०१५ मध्ये कर्करोगाच्या पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं. अवशेषांत मार्कर, म्हणजे अंदाज देणारी खूण, शोधायचाच तर तो इथं शोधावा. ॲझासायटिडीन कुणाला लागू पडेल हे आधी सांगणारी खात्रीची चाचणी आज नाही. चार-सहा महिने इंजेक्शनं घेतल्यावरच ते कळतं. ज्या पेशंटला ते लागू पडणार नसतं, त्याचे ते महिने वाया जातात.