सुईदोऱ्याविना चैत्राचे आजोबा

शिमगा सरला, राब भाजून झाले आणि पाडवा दाराशी आला. कसाऱ्याच्या रानात पळस अजून फुललेला आहे, आंब्यांना कैऱ्या लोंबू लागल्या आहेत. पाडव्याला गुढी उभारायची, पुढे तृतीयेला कुणाकडे चैत्रगौर बसायची, म्हणजे दारात आणि कोनाड्यात चार शोभेच्या वस्तू हव्याच. फुलांच्या माळा दुसऱ्या दिवशी कोमेजतात आणि त्यांच्यावर शिंपडायला पाणी लागते. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आपल्याच शहापूर तालुक्यात असली, तरी चैत्र-वैशाखात आपल्याकडच्या कित्येक पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत बसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून यंदा पाण्यावाचून टिकणारी, घरातल्या टाकाऊ वस्तूंतून होणारी आणि सुईचा एकही टाका न लागणारी एक बाहुली सांगते. टाका न लागणारी का, त्याला एक कारण घडले आहे. तेवढे आधी ऐका.

तीन वर्षांपूर्वी माघात माझ्या नणंदेची मुलगी कल्याणहून आजीला भेटायला आली. येताना तिने बाजारातून एक बाहुला आणला. वीतभर उंच, पोट गोल, छातीवर पांढरी दाढी आणि डोक्यावर उंच निमुळती टोपी. टोपी इतकी खाली ओढलेली, की चेहऱ्यावर दिसते ते फक्त गोल नाक! आमच्या सासूबाईंनी तो हातात घेतला, चाचपला आणि म्हणाल्या, "अगो, याला डोळंच नाहीत. मग ह्यो घर राखील कसा?"

नात हसली. "आजी, डोळे टोपीखाली आहेत. त्याला सगळं दिसतं."

हा बाहुला मूळचा फार थंड देशांतला. स्वीडनमध्ये त्याला टोम्टे म्हणतात, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये निस्से. तिकडच्या शेतकऱ्यांची जुनी समजूत अशी, की प्रत्येक शेतघरात, गोठ्यात असा एक बुटका म्हातारा राहतो. तो गुरांची काळजी घेतो, घर राखतो. नाताळच्या रात्री त्याच्यासाठी वाडगाभर खीर ठेवायची आणि वर लोण्याचा गोळा घालायचा. नॉर्वेतली एक लोककथा आहे. एकदा निस्सेला खिरीवर लोणी दिसले नाही. तो रागावला आणि त्याने गोठ्यातली गाय मारून टाकली. मग परत येऊन खीर खाल्ली, तर लोणी वाडग्याच्या तळाशी होते! आपल्याकडे वाघबारशीला वाघोबाला नैवेद्य दाखवतात, तोही गुरावासरांच्या राखणीसाठीच ना? देश कुठलाही असो, गोठा सांभाळणाऱ्याची काळजी सारखीच.

तो बाहुला पाहून मी सासूबाईंना म्हटले, पाडव्याला आपण असे दोन करू या. त्यांचा हात शिवणात बसलेला. आमच्या घरातल्या साऱ्या गोधड्या त्यांच्याच हातच्या. पण या वेळी "उद्या बघू", "कंबर दुखते" असे करत त्यांनी आठवडा घालवला. एके दिवशी माळ्यावरचे गाठोडे काढताना अर्धी राहिलेली गोधडी माझ्या हाती आली. आधीचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे सरळ होते. शेवटच्या दोन ओळींतले टाके इकडेतिकडे भरकटलेले. सुई तशीच टोचलेली, दोरा नाही, आणि सुईला गंज चढलेला. तेव्हा कुठे मला उमगले. त्यांना सुई ओवता येत नव्हती आणि ते त्यांनी कुणाला सांगितले नव्हते.

मी काही बोलले नाही. संध्याकाळी चिंध्यांचे गाठोडे त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हटले, "आपण टाका घालायचाच नाही. तुम्ही नुसत्या गाठी मारा."

त्या म्हणाल्या, "गाठीला काय डोळं लागतात? भाऱ्याला बंध घालताना खाली कोण बघतंय!"

अशी ही बाहुली झाली. आता साहित्य लिहून घ्या.

साहित्य : शाळेच्या पोरांचा टाच फाटलेला लांब मोजा एक. भाताचे तूस तीन-चार ओंजळी. धुऊन वाळवलेली वाळू एक मूठ. घायपाताचा किंवा अंबाडीचा वाख एक जुडी. तो नसेल तर नारळाचा काथ्या. जुन्या लुगड्याचा किंवा धोतराचा तुकडा दीड वीत लांब-रुंद. जुन्या कॅलेंडरचे एक पान. जाड दोरा. नाकासाठी बेहड्याचे सुके फळ किंवा कापडाची चिंधी. चिकटवायला खळ.

कापड रंगवणे : टोपीला वसंताचा रंग द्यायचा तर बाजारचा रंग नको. पळसाची दोन ओंजळी फुले तांब्याभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटे उकळा, गाळा आणि त्यात तुरटीचा लहान खडा विरघळवा. धोतराचा तुकडा त्यात रात्रभर बुडवून ठेवा आणि सावलीत वाळवा. छान केशरी-पिवळा रंग चढतो. उन्हात वाळवलात तर तो फिका पडतो.

खळ : दोन चमचे मैदा किंवा तांदळाचे पीठ आधी थंड पाण्यात कालवा, मग मंद विस्तवावर ढवळत शिजवा. गुठळी होऊ देऊ नका. बुकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. आपण तो मुळीच घालू नये. मोरचूद विषारी आणि ही वस्तू मुलांच्या हातातोंडाशी येणारी. खळ लागेल तेवढीच करा, म्हणजे झाले.

कृती :

१. अंग. मोज्याचा टाचेखालचा भाग कापून टाका. उरलेली नळी उलटी करा, कापलेल्या तोंडाशी दोऱ्याने आवळून बांधा आणि पुन्हा सुलटी करा. गाठ आत गेली, बूड तयार झाले. ही निरगाठ असावी. सुरगाठ माराल तर भरताना सुटेल आणि घरभर तूस होईल.

२. भरण. वाळूची फडक्यात घट्ट पुरचुंडी बांधून तळाशी ठेवा. तिच्या वजनाने बाहुला बसतो, वाऱ्याने कलंडत नाही. वर तूस दाबून भरा. तूस आधी चाळून दोन उन्हे द्या, नाहीतर त्यात राहिलेल्या दाण्यांना सोंडे लागतात. अंग वीतभर उंच झाले की वरचे तोंड आवळून बांधा.

इथे माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मी वाळूऐवजी कणी भरली. पाडव्याच्या आदल्या रात्री उंदराने बूड कुरतडले आणि सकाळी आमचे आजोबा कोनाड्यात आडवे, खाली कणीचा ढीग! सासूबाई म्हणाल्या, "पोटात अन्न कोंडून ठेवलंस, उंदीर येईल नाहीतर काय?" तेव्हापासून वाळू.

३. दाढी. वाख जुन्या फणीने विंचरून घ्या. वीतभर लांबीची जुडी मधोमध दुमडा आणि दुमडलेल्या टोकाशी बांधा. मोज्याच्या वरच्या गाठीखाली, पुढच्या बाजूला, ही जुडी दोऱ्याचे दोन वेढे देऊन आवळा. दाढीचे टोक कात्रीने थोडे निमुळते करा.

४. नाक. चार बोटे रुंद चौकोनी चिंधीत बेहड्याचे फळ ठेवून पुरचुंडी बांधा. बेहडा नसेल तर चिंध्यांचाच गोळा. पुरचुंडीचे शेपूट दाढीच्या वर ठेवून त्याच दोऱ्याने बांधून टाका. शोभेसाठी लाल गुंज लावण्याचा मोह कुणाला होईल, पण गुंजेची बी विषारी असते. लहान मुलांच्या घरात ती नकोच.

५. टोपी. कॅलेंडरच्या पानाची, शेंगदाण्याच्या पुडीसारखी पण उंच पुडी वळा. तिचे तोंड बाहुल्याच्या डोक्यावर बसेल एवढेच ठेवा. बाहेरून खळ लावून वर रंगवलेले कापड गुंडाळा. कडेला बोटभर कापड एकावर एक येऊ द्या, खालची कड आत दुमडा. रात्रभर वाळू द्या. मग टोपी डोक्यावर घालून नाकापर्यंत खाली ओढा. सगळ्या गाठी टोपीखाली झाकल्या जातात. मागच्या बाजूला दोन ठिकाणी खळ लावली की टोपी हलत नाही. डोळे काढायला नकोत, तोंड रंगवायला नको. म्हणूनच हे काम सहा वर्षांच्या नातवंडालाही जमते आणि सत्तरीच्या आजीलाही.

टोपीला लुगड्याचा काठ गुंडाळा, कडुनिंबाची डहाळी खोवा, गळ्यात साखरेची लहान गाठी घाला. पाडव्याला उंबऱ्याशी बसवा. चैत्रगौर असेल तर तिच्या आराशीत खालच्या पायरीवर ठेवा. अक्षय्य तृतीयेपर्यंत टिकेल. फक्त समई-निरांजनापासून हातभर दूर. वाख आणि तूस दोन्ही चटकन पेट घेतात. सण सरला की टोपी काढून, अंग उन्हात देऊन डब्यात ठेवा.

आता पुन्हा सासूबाईंकडे येते. गाठी मारता मारता चौथ्या दिवशी त्या आपण होऊन बोलल्या. "डाव्या डोळ्यापुढं धुकं आहे. उजव्याचंही तसंच व्हायला लागलंय. तुला सांगून काय, पैका लागेल म्हणून गप बसले." आम्ही त्यांना तपासायला नेले. मोतीबिंदू निघाला. पावसाळ्याआधी एका डोळ्याचे ऑपरेशन झाले, दिवाळीनंतर दुसऱ्याचे.

भगिनींनो, घरातले म्हातारे माणूस एकाएकी शिवण टाकते, तांदूळ निवडायचे टाळते, संध्याकाळी अंगणात जायला कुरकुरते, तेव्हा त्याला आळशी म्हणू नका. आधी डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू 'पिकेपर्यंत' थांबायचे ही जुनी समजूत आता सोडून द्या. दिसण्यात अडचण येऊ लागली की ऑपरेशन करता येते. सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ सालापासून चालू आहे आणि त्याखाली सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूचे ऑपरेशन मोफत होते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारा. पैशांपायी कुणी धुक्यात बसून राहू नये.

यंदा शिमग्यानंतर मी बाहुल्यांचे गाठोडे काढले, तर सासूबाई ओसरीवर ती जुनी अर्धी गोधडी घेऊन बसल्या होत्या. नवी सुई, आणि ती त्यांनी स्वतः ओवलेली. मी म्हटले, "आता दिसतंय तर आजोबांच्या टोपीला दोन टाके घाला की. खळीची भानगड नको."

त्यांनी मान हलवली. "टाके गोधडीला. आजोबा गाठीचेच बरे."

तेव्हा तुम्हीही यंदा घरातल्या वडीलधाऱ्या हातांना चिंध्यांचे गाठोडे द्या आणि जवळ बसून चार गाठी मारा. आजोबा तर होतीलच. त्या हातांच्या मनातले चार शब्दही कदाचित बाहेर येतील.

पुढच्या आठवड्यात वाळवणाच्या पापड्यांविषयी.