आपलेच क्षेपणास्त्र, आपलेच मौन

ता. 27 फेब्रुवारी 2019 रोजी सकाळी श्रीनगरहून उडालेले हवाईदलाचे एम-आय 17 जातीचे वाहतुकीचे हेलिकॉप्टर दहाएक मिनिटांतच बडगामच्या शिवारात कोसळले. आतील सहा सैनिक व जमिनीवरील एक नागरिक असे सात जीव गेले. सहांपैकी एक नाशिकचा. त्याच दिवशी पाकिस्तानच्या हाती सापडलेल्या वैमानिकाचे नाव शाळकरी मुलांस पाठ झाले. त्याच्या मिशांची तऱ्हा न्हाव्यांनीही उचलली. या सहांपैकी एकाचे तरी नाव आमच्या सुशिक्षित वाचकांतील किती जणांस सांगता येईल?

ता. 4 ऑक्टोबरला हवाईदलप्रमुख भदौरिया यांनी सांगितले की, हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पाडले व ती मोठीच चूक होती. मध्यंतरी सात महिने उलटले, लोकसभेची निवडणूकही होऊन गेली. या दोहोंचा कोणी संबंध जोडील तर दोष त्याचा नव्हे, मौनाचा.

युद्धसमयी असे उघड केल्यास सैन्याचे धैर्य खचते व शत्रूचे फावते, असे कित्येक विद्वान आम्हांस बजावतात. आम्ही विचारतो, हेलिकॉप्टर आपण पाडलेले नाही हे शत्रूस पहिल्या घटकेपासून ठाऊक नव्हते काय? मग हे गुपित राखले ते कोणापासून? मृतांच्या घरच्या माणसांपासून, दुसऱ्या कोणापासूनही नव्हे! आणि सैन्याच्या धैर्याविषयी म्हणावे, तर जो शिपाई उद्या त्याच आकाशात उडणार, त्यास आपली मित्र-शत्रू ओळखण्याची व्यवस्था कोठे फसली हे कळू न देणे यास धीर देणे म्हणत नाहीत.

14 एप्रिल 1994 रोजी उत्तर इराकवर अमेरिकेच्या लढाऊ विमानांनी आपलीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली. 26 माणसे मेली. त्या सरकारने त्याच दिवशी ते कबूल केले व त्याच वर्षी चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. (शिक्षा म्हणावी तशी कोणासच झाली नाही, हेही नमूद केले पाहिजे.) त्यामुळे अमेरिकेचे सैन्य दुबळे झाल्याचे ऐकिवात नाही.

आमच्याकडे पुढे लष्करी न्यायालयात खटला चालला. परंतु एकट्याच्या अपराधाने क्षेपणास्त्र सुटले की व्यवस्थेच्या, हे नागरिकांस समजावयास नको काय? ‘वीरमरण’ हा शब्द उच्चारला की प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो. शब्दाची अशी विटंबना त्या सहांनी खचित मागितली नव्हती. सातव्यास तर तो शब्दही मिळाला नाही. बडगामच्या त्या माणसाचा उल्लेख आजही ‘व एक नागरिक’ एवढाच होतो. वर आम्हीही तेच केले आहे.