लूज कॉन्टॅक्ट

टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आपल्याकडे पहिला उपचार ठरलेला असतो: तळहातावर दोन थपडा. त्यानं भागलं नाही तर मागचं झाकण काढून सेल बोटानं गोल फिरवायचे. गंमत म्हणजे हा उपाय पुष्कळदा लागू पडतो. सेलचं टोक आणि त्याला टेकलेली स्प्रिंग यांच्यामध्ये गंजाचा पातळ थर साचतो. वरून पाहिलं तर धातूला धातू टेकलेला दिसतो, पण मध्ये हा पडदा असतो. सेल फिरवला की तो घासला जातो, वीज वाहू लागते आणि रिमोट चालतो. महिनाभरानं पुन्हा थपडा.

या दुखण्याला हैदराबादेत मराठी घरात, तेलुगू शेजाऱ्याकडे आणि कोठीच्या गुजराती गल्लीतल्या दुकानात एकच नाव आहे, 'लूज कॉन्टॅक्ट'. पण लूज म्हणजे तुटलेला नव्हे, आणि सगळा घोळ तिथेच आहे. तुटलेली वायर प्रामाणिक असते, काहीच चालत नाही. सैल जोड थोडी वीज जाऊ देतो, जास्त मागितली की अडवतो. त्यामुळे वस्तू चालू होते, दिवा लागतो आणि खरं काम सुरू झालं की ती मान टाकते.

काचीगुड्याला राहणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका काकांच्या बीपी मशीनचं हेच झालं होतं. बटण दाबलं की आकडे उजळायचे, दंडावरचा पट्टा फुगायला लागायचा आणि अर्ध्यावर स्क्रीन कोरी. तीन वेळा नवे सेल घालून झाले. दुकानदार म्हणाला, मशीन गेलं, नवं घ्या. काकांनी नवं घेतलं नाही आणि मोजणंही सोडून दिलं. "बरं वाटतंय की मला," एवढंच. इकडे डॉक्टरांनी गोळी बदलली होती आणि पंधरा दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहून आणायला सांगितले होते. वहीत पहिल्या पानावर तारीख होती, पुढे काही नाही.

मी मल्टिमीटर घेऊन गेलो. चार सेल मिळून सहा व्होल्टच्या थोडं वर दाखवत होते, म्हणजे ठणठणीत. इथेच बहुतेक लोक फसतात, कारण मशीन स्वस्थ पडलेलं असताना वीज जवळजवळ वाहतच नाही आणि जोड कितीही खराब असला तरी मीटरला तो दिसत नाही. म्हणून काकूंना बटण दाबायला सांगितलं आणि पट्टा फुगत असताना मोजलं. सेलच्या टोकांवर ५.८ व्होल्ट, पण आत सर्किटकडे जाणाऱ्या वायरवर ३.९. जवळपास दोन व्होल्ट वाटेतच संपत होते. पंपाची मोटर चालली की वीज जास्त लागते, व्होल्टेज कोसळतं आणि मशीन स्वतःला बंद करून घेतं. सेल बदलून यात काय फरक पडणार?

एका कोपऱ्यातल्या स्प्रिंगवर पांढरट पूड साचली होती. जुने सेल कधीतरी महिनोन् महिने आत राहिले असणार. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपतं, हवा लागून त्याची अशी पूड होते. ती बोटानं खरवडू नका, आणि त्या हातानं डोळे तर मुळीच चोळू नका. कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगरचे दोन थेंब घ्या, नसेल तर लिंबू चालेल. मग ओलसर कापडानं पुसून पूर्ण वाळवा, बारीक पॉलिश पेपरनं धातू चमकेपर्यंत हलकेच घासा आणि दबलेली स्प्रिंग थोडी बाहेर ओढा. स्प्रिंग अगदीच खाल्ली गेली असेल तर नवी लावा, गुजराती गल्लीत मिळते.

त्या संध्याकाळी पहिला आकडा आला १६८/९६. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतला तर १६२/९४. दुसऱ्या दिवशी काका वही आणि मशीन दोन्ही घेऊन दवाखान्यात गेले. मशीन न्यायला मीच सांगितलं होतं. दुरुस्त केलेलं यंत्र डॉक्टरांच्या यंत्राशी एकदा ताडून घेतलेलं बरं.

याच सुमारास ओळखीच्या घरातला एक कॉलेजकुमार पेनाएवढी वस्तू घेऊन आला. ई-सिगारेट. तिच्या स्क्रीनवर येत होतं की वरचा भाग जोडलेलाच नाही, आणि तो भाग तर घट्ट बसवलेला. मी ती दुरुस्त करून दिली नाही. २०१९ च्या कायद्यानं आपल्या देशात या वस्तूचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे, आणि नसती तरी दिली नसती. पण बिघाड समजावून सांगितला. आट्यांच्या मध्यभागी एक छोटी पिन असते. जास्त आवळलं की ती खाली दबते आणि टेकेनाशी होते, किंवा वरून झिरपलेला चिकट द्रव तिच्यावर साचतो. आत तापणारी तार साधारण अर्ध्या ओहमची, बॅटरी ४.२ व्होल्टची, म्हणजे आठ अँपिअरच्या आसपास वीज. काकांच्या पंपाला अर्धा अँपिअर पुरतो. प्रवाह दुप्पट झाला की जोडावरची उष्णता चौपट होते. त्यामुळे नुसता ०.१ ओहमचा खराब जोडही इथे पाच वॅटनं तापतो, तोही ओठांजवळ आणि लिथियम सेलला खेटून. सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादला ई-स्कूटरच्या शोरूमला आग लागून वरच्या हॉटेलातले आठ जण गेले, त्यानंतर हैदराबादकरांना लिथियमबद्दल वेगळं सांगायला नको. "मग फेकून देऊ?" त्यानं विचारलं. फेक, पण घरच्या कचऱ्यात नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे दे. आईला सांगायचं काम मी त्याच्यावरच सोपवलं आहे. ती हे सदर वाचते, हे त्याला माहीत आहे.

आता थंडी सुरू होतेय, म्हणून गीझरकडे या. दोन हजार वॅटचा गीझर साडेआठ-नऊ अँपिअर ओढतो. सॉकेटमधली पकड ढिली होऊन तिथे अर्धा ओहम आला, तर त्या एवढ्याशा जागेत पस्तीस-छत्तीस वॅट उष्णता तयार होते. माझी सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटची आहे आणि ती शिसं वितळवते. आणि एमसीबी पडत नाही. ती जास्त वीज वाहिली तरच पडते, सैल जोडानं वीज उलट किंचित कमीच होते. विजेची गळती झाली की पडणारा ईएलसीबी असतो, त्यालाही यात गळती दिसत नाही. म्हणजे दोन्ही पहारेकरी जागे, आणि प्लग मात्र जळतोय.

त्यामुळे हे आपणच बघायचं. गीझर पंधरा मिनिटं चालवा, भिंतीवरचा स्विच बंद करा आणि प्लगच्या प्लॅस्टिकला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, पिन तपकिरी-काळी पडली असेल, जळका वास किंवा चर्र आवाज येत असेल, तर तो प्लग त्या दिवसापासून वापरू नका. इलेक्ट्रिशियनला बोलावून मेन स्विच बंद करून काम करून घ्या. तो काळी पिन घासून तीच परत बसवायला लागला तर थांबवा. एकदा तापलेली सॉकेटमधली पत्री ताण सोडते, ती पुन्हा तशी पकडत नाही. नवा प्लग जुन्या सॉकेटमध्ये घातला तर तोही महिन्याभरात काळा पडतो. १६ अँपिअरचे प्लग आणि सॉकेट दोन्ही एकदमच बदला, आणि मागच्या वायरींचे स्क्रू त्याला आपल्यासमोर आवळायला लावा.