'अरेरे'वर पुस्तकांचं दुकान चालत नाही

फेब्रुवारी २०१८मध्ये मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल बंद झालं. टी. एन. शानभागांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात एका स्टॉलवर सुरू केलेलं आणि पुढे फोर्टात गेलेलं हे दुकान. बंद होणार अशी बातमी आली आणि लोक धावले. फोटो काढले, फेसबुकवर आठवणी लिहिल्या, शेवटच्या सेलमधून पिशव्या भरून नेल्या. त्याआधी २०१२मध्ये पुण्याच्या कॅम्पातलं मॅनीज गेलं, तेव्हाही अशीच हळहळ. पुस्तकांचं दुकान मेलं की आपल्याकडे तिरडीला खांदा द्यायला माणसं कमी पडत नाहीत. ही माणसं आधीची पाच वर्षं कुठे होती, हा प्रश्न उद्धट आहे. पण विचारायलाच हवा, आणि तो आधी मी स्वतःला विचारतो.

मी खानदेशातल्या एका जिल्ह्याच्या गावचा. गावात कथा-कादंबऱ्या मिळतील असं एकच दुकान उरलंय. तीन वर्षांपूर्वी तिथे एक जाडजूड कादंबरी मी अर्धा तास उभ्यानं वाचली. वीसेक पानं झाली. आवडली. मग कव्हरचा फोटो काढला, पायऱ्या उतरलो आणि रस्त्यावर उभ्या उभ्या फोनवरून मागवली. एकशे दहा रुपये वाचले. काचेतून काका बघत होते. पुढच्या वेळी गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "कितीला भेटली ती?"

मी खरं ते सांगितलं.

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "एवढ्याला तर मलाच भेटत नाही."

मला वाटलं टोमणा आहे. नव्हता. तो हिशोब होता.

हिशोब असा. पुस्तकाची छापील किंमत ४०० रुपये धरा. छोट्या दुकानदाराला त्यावर साधारण तीस टक्के कमिशन मिळतं असं समजू. म्हणजे त्याला ते २८०ला पडलं. गिऱ्हाईक दहा टक्के मागतंच, चाळीस रुपये गेले. उरले ऐंशी. त्यातून दुकानाचं भाडं, वीजबिल, पोऱ्याचा पगार, पार्सलचा खर्च आणि न खपलेल्या पुस्तकांत अडकलेले पैसे. आता तेच पुस्तक प्रकाशकाच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये बघा: 'प्रकाशनपूर्व सवलत, ४०० रुपयांचं पुस्तक फक्त २५०मध्ये, घरपोच.' दुकानदाराला २८०ला देणारा प्रकाशक तुम्हाला २५०ला देतोय, वर पोस्टेजही त्याचंच. आमच्या काकांनी एकदा मेहुण्याच्या नावानं असा फॉर्म भरून पाच प्रती मागवल्या आणि दुकानात ठेवल्या. हे सांगताना ते हसले. मला हसू आलं नाही.

म्हणून 'अ‍ॅमेझॉननं दुकानं खाल्ली' हे वाक्य मला पुरेसं वाटत नाही. अ‍ॅमेझॉन परका तरी आहे. इथे 'वाचनसंस्कृती लोप पावतेय' असं प्रत्येक व्यासपीठावरून सांगणारे आपलेच प्रकाशक, आपलं पुस्तक मांडून ठेवणाऱ्या माणसाच्या पाठीमागून विकतायत. त्यांची अडचण मला कळते. दुकानांकडून पैसे महिनोन् महिने येत नाहीत, न खपलेला माल परत येतो, आणि वाचकाकडून रोख आगाऊ मिळते. पण मग छापील किंमत ४०० कशाला? अडीचशेला द्यायचं हे आधीच ठरलंय, म्हणून तर ती ४०० छापलीय! म्हणजे पूर्ण किंमत मोजणारा एकच मूर्ख उरतो: रस्त्यानं जाता जाता दुकानात शिरलेला माणूस. त्यालाच आपण पळवून लावलं.

आणखी एक गोष्ट शहरातल्या मित्रांना सहसा माहीत नसते. लहान गावात कवितेचं पुस्तक कवितेवर जगत नाही, ते जून महिन्यावर जगतं. शाळा सुरू होताना वह्या, पाठ्यपुस्तकं, गाइडं, कव्हरचे रोल विकून जे सुटायचं, त्यावर वर्षभर वरच्या फळीवरच्या कादंबऱ्या धूळ खात बसू शकायच्या. आता सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात. ते चांगलंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण कित्येक खासगी शाळा पुस्तकं-वह्यांचा संच स्वतःच किंवा ठरवून दिलेल्या एकाच ठिकाणाहून घ्यायला लावतात. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं टेलिग्रामवर पीडीएफमध्ये फिरतात. खालची फळी रिकामी झाली की वरची कोसळायला वेळ लागत नाही.

दुकान गेलं तर काय बिघडतं, ऑनलाइन सगळं मिळतं की, असं तुम्ही म्हणाल. सगळं नाही मिळत. काकांच्या दुकानात दाराजवळ एक लाकडी मांडणी आहे. निवृत्त मास्तरांनी स्वखर्चानं छापलेला अहिराणी म्हणींचा संग्रह, कुणी गोळा केलेली लग्नातली गाणी, एका एसटी कंडक्टरच्या कविता. लेखक स्वतः सायकलवरून दहा प्रती आणून देतो. खपल्या की पैसे, नाही खपल्या तर दिवाळीनंतर घेऊन जातो. यातल्या निम्म्यांवर आयएसबीएनसुद्धा नाही. फोनवर नाव टाकून बघा, काही येत नाही. येणार कसं? शोधायला आधी नाव माहीत असावं लागतं. मला त्या मांडणीवरच्या एकाही पुस्तकाचं नाव ठाऊक नव्हतं, आणि माझ्या आजीच्या तोंडचे शब्द छापलेले मी आयुष्यात पहिल्यांदा तिथेच पाहिले. ती मांडणी हलली तर ती पुस्तकं कुठेच जाणार नाहीत. ती असतील मास्तरांच्या माळ्यावर, गठ्ठ्यात.

दुकानदारांची आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. आपली बरीच मराठी दुकानं अजून काउंटरवाली आहेत. समोर टेबल, मागे माणूस, 'काय पाहिजे?' काय पाहिजे ते कळावं म्हणूनच तर आलोय ना! पुस्तक हातात द्यायला नाराज, दोन पानं चाळली की 'घ्यायचंय का?' कॉलेजच्या पोराला अशा ठिकाणी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. माझी कित्येक वर्षं तरी अशा काउंटरला घाबरण्यात गेली. काकांनी मला अर्धा तास उभं राहू दिलं, आणि मी त्यांना काय दिलं ते वर आलंच आहे.

मग सवलत नकोच का? पैसे नसलेल्या वाचकानं वाचूच नये? त्याच्यासाठी ग्रंथालय हवं, चालणारं, नवी पुस्तकं घेणारं. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा करणाऱ्या राज्यात ही मागणी काही जगावेगळी नाही. पण आपण ज्या सवलतीसाठी भांडतो, ती बहुतेकदा गरिबीपोटी नसते. दोनशे ऐंशीची कॉफी पिऊन पुस्तकावर साठ रुपये वाचवणारे आपणच. मीही.

फ्रान्समध्ये १९८१ साली जॅक लँग संस्कृतिमंत्री असताना कायदा झाला. नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवणार आणि त्यावर पाच टक्क्यांपेक्षा जास्त सूट कुणीच द्यायची नाही, कोपऱ्यावरच्या दुकानानं नाही आणि बड्या साखळीनंही नाही. पुढे ऑनलाइनवाले जवळपास फुकट पोचवू लागले, तेव्हा २०२३पासून ३५ युरोंच्या आतल्या खरेदीला किमान ३ युरो पोचवणावळ घ्यावीच लागेल असा नियम आला. तिथेही दुकानं बंद होतात, स्वर्ग नाही तो. पण किमतीच्या मारामारीतून पुस्तकाला बाहेर काढता येतं एवढं तरी दिसतं. आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. अभिजात भाषेतलं पुस्तक विकणारा माणूस मात्र आपल्या कुठल्याच जल्लोषात नव्हता.

कायद्याची वाट बघत बसायचं नसेल तर मराठी प्रकाशकांनी आपापसांत एवढं ठरवावं, की दुकानाला ज्या भावात देतो त्याच्या खाली कुणालाच विकायचं नाही, प्रकाशनापूर्वीही नाही. यासाठी ना मंत्री लागतो ना संमेलनातला ठराव. आणि आपण, ज्यांच्या हातात चोवीस तास फोन आहे, तो दुकानात खिशात ठेवावा. जे पुस्तक दुकानात सापडलं, ते दुकानातूनच घ्यावं. जे तिथे नाही ते त्यांनाच मागवायला सांगावं.

मागच्या महिन्यात मी तसं केलं. व्हॉट्सअ‍ॅपवर २५०ला घरपोच येत असलेलं पुस्तक काकांना मागवायला सांगितलं. अकरा दिवस लागले, दोन चकरा पडल्या. मी ४०० दिले. त्यांनी चाळीस परत केले. "राहू द्या काका," म्हणालो. "घे रे, सगळ्यांनाच देतो," म्हणाले.

ते मी घेतले नाहीत असं इथे लिहायला बरं वाटलं असतं. घेतले.