तपासनीसाची पुढची चाकरी

कोल्हापूर जिल्ह्यातील हलकर्णीचा दौलत साखर कारखाना कर्जापायी बंद पडून, जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या ताब्यात जाऊन, अखेर २०१९ साली भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे गेला, त्या अवधीत चंदगड तालुक्यातील ऊसउत्पादकाने सहकार खात्याचे जितके शिक्के पाहिले, तितके त्याच्या आज्याने हयातभर पाहिले नसतील. त्या शिक्क्यांमागील अंमलदारांवर दोषारोप करण्याचा येथे हेतू नाही. विचारावयाचे ते इतकेच की, ज्याने एखाद्या कारखान्याचे दप्तर तपासले, त्याने निवृत्तीनंतर तेथेच कार्यकारी संचालकाची वा सल्लागाराची खुर्ची स्वीकारावी काय, आणि स्वीकारावयाची तर किती काळाने.

कायदा याविषयी अगदीच मूक नाही. भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यास निवृत्तीनंतर वर्षाच्या आत व्यापारी नोकरी धरावयाची तर पूर्वपरवानगी लागते. ही मुदत पूर्वी दोन वर्षांची होती, ती घटवून कोणाचे हित साधले हे मला उमगलेले नाही. संविधानाने अनुच्छेद १४८ अन्वये महालेखापरीक्षकास पदमुक्तीनंतर केंद्र वा राज्य शासनाखालील कोणतेही पद निषिद्ध केले. (खासगी तिजोरीचा मोह सरकारी पदाहून मोठा ठरेल, ही कल्पना त्या काळी फारशी कोणास नसावी.)

परंतु खरे नुकसान निवृत्तीपूर्वीच होऊन गेलेले असते. उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, साखरउताऱ्यावर ठरते. आपल्या जिल्ह्यात उतारा एक दशांश टक्क्याने कमी दाखवला, तरी टनामागे शेतकऱ्याचे पैसे कापले जातात. त्या रकान्यापुढे ‘खुलासा मागवावा’ असा शेरा मारावयाचा, की सही करून पान उलटावयाचे, हे ज्याच्या लेखणीवर अवलंबून आहे, त्याच्या मनात पुढच्या चाकरीची आशा रुजली असेल, तर कोणी पैसे न देता आणि कोणी न मागता पान उलटले जाते. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने सापळा लावावा असे तेथे काहीच घडत नाही.

म्हणून बंदी हुद्द्यावर न बेतता सहीवर बेतावी. ज्या हंगामांच्या हिशेबावर अधिकाऱ्याची सही आहे, त्यांचे लेखापरीक्षण, आणि सहकार कायद्याच्या कलम ८३ व ८८ खालील चौकशी चालू असल्यास तीही, निकाली निघेपर्यंत त्या कारखान्याचे दार त्याला बंद असावे. अशा चौकशा वर्षानुवर्षे रेंगाळतात, तेथे एका वर्षाची मुदत कशास पुरी पडणार? सेवेत असताना नोकरीचा शब्द निघाला, की त्याच दिवशी तो लेखी कळवून फाईल दुसऱ्याकडे सोपवण्याचे बंधनही हवे.

अनुभवी माणसांना घरी बसवणे परवडणारे नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. बंद कारखाना पुन्हा उभा करावयाचा तर हिशेब जाणणारा माणूस लागतोच. पण ज्या कारखान्याचे दप्तर त्याने हाताळलेले नाही, असे कारखाने कोल्हापूर जिल्ह्यात कमी नाहीत. तेथे त्याने खुशाल जावे. आणि अपवाद करावयाचाच, तर परवानगीचा हुकूम कारणांसह प्रादेशिक साखर सहसंचालकांच्या फलकावर लागावा, आणि कारखाना सहकारी असल्यास वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत छापला जावा, म्हणजे ज्यांच्या ऊसबिलातून त्याचा पगार निघणार, त्या सभासदांना हात वर करून नकार देता येईल.