रिकामा टँकर रिकामा नसतो

मनमाडजवळच्या पानेवाडीतील तेल डेपोंतून पेट्रोल-डिझेलचे टँकर सतत निघत असतात. हमरस्त्यालगत गॅरेज, पंक्चर, वेल्डिंग आणि चहाची दुकाने चालविणाऱ्यांत आपले बांधव पुष्कळ आहेत. तेव्हा हा प्रश्न केवळ तेल कंपन्यांचा आहे, असे आम्ही मानत नाही.

पेट्रोलपेक्षा त्याची वाफ अधिक धोक्याची. उणे ४० अंशांच्या आसपासही ती पेट घेण्याइतकी उठते. हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत सरकते, गटारात साचते आणि लांबच्या शेगडीपर्यंत पोचते.

टाकी खाली केली की धोका टळला, हा समज घातक आहे. खाली टाकीत उरलेली वाफ हवेत मिसळते आणि वेल्डिंगची एक ठिणगी स्फोटाला पुरते. म्हणून टाकी धुऊन, वाफ काढून, तपासणी झाल्याचा जाणकाराचा लेखी दाखला हाती येईपर्यंत कोणत्याही कारागिराने तिला हात लावू नये. ड्रायव्हरच्या तोंडी भरवशावर जीव टांगू नये.

उलटलेल्या टँकरचे तेल भरून नेण्याचा मोह त्याहून वाईट. २५ जून २०१७ रोजी, ईदच्या आदल्या दिवशी, पाकिस्तानात बहावलपूरजवळ टँकर उलटला. लोक भांडी घेऊन धावले. आग भडकली आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. काही लिटर तेलाची ही किंमत!

टँकरमालकांनाही आमचे सांगणे आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ड्रायव्हरला घातक मालाचे प्रशिक्षण आणि गाडीवर धोक्याची माहिती देणारी पाटी आवश्यक आहे. पाटीवर १२०३ हा आकडा दिसला की आत पेट्रोल आहे हे अग्निशमन दलाला लगेच कळते. पुसट पाटी म्हणजे मदतीला येणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी.

दाखला मागितला तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाईल, ही भीती खरी आहे. एकट्या कारागिराने ती किती सोसावी? म्हणून आमची सूचना अशी की, एका रस्त्यावरील सर्व गॅरेजवाल्यांनी एकत्र बसून ठरवावे: दाखला नाही तर वेल्डिंग नाही. सगळ्यांचा नियम एक झाला की कोणाचीच रोजी बुडणार नाही, आणि घरी वाट पाहणारी मुलेही पोरकी होणार नाहीत.