हुनर आहे, पण पुढे काय?

आमच्या मोहल्ल्यात फॅब्रिकेशनची चार दुकानं आहेत, चारही आपल्याच माणसांची. गावातली कितीतरी ग्रिलं, गेटं आणि लोखंडी जिने इथूनच बनून गेले. शिक्षणाचा विषय निघाला की आपण छाती फुगवून सांगतो, ‘डिग्री नसेल, पण आमच्या पोरांच्या हातात हुनर आहे.’ या एका वाक्यामागे आपण किती वर्षं लपणार आहोत?

माझा मावसभाऊ चौदाव्या वर्षी यातल्याच एका दुकानात लागला. उस्तादांचं बघून बघून शिकला. बारा वर्षांनी आखातातल्या नोकरीसाठी मुंबईला ट्रेड टेस्ट द्यायला गेला. तिथे पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला पाइप समोर आला. पाइप हलवायचा नाही, आपणच खालून वर सरकत पूर्ण गोल जोड भरायचा. याला ‘सिक्स-जी’ म्हणतात. ग्रिलच्या कामात असा जोड कधी येतच नाही. ७०१८ नंबरचा रॉड ओव्हनमध्ये कोरडा ठेवून वापरायचा असतो, हेही त्याला त्या दिवशीच कळलं. बारा वर्षांचा कारागीर शेवटी हेल्पर म्हणून आखातात गेला.

यात उस्तादांचा दोष नाही. त्यांच्याकडे जे होतं ते त्यांनी दिलं. ड्रॉइंग वाचणं, पत्र्याच्या जाडीप्रमाणे करंट ठरवणं, पाइपचा जोड भरणं हे त्यांनाही कुणी शिकवलं नव्हतं. आणि जिवाची काळजी? काच न लावता टाके मारायचे, रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं झालं की आईने बटाट्याच्या चकत्या ठेवायच्या. गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडल्यावर हुडहुडी भरून ताप आला की दूध प्यायचं. तो ताप जस्ताच्या धुराचा असतो, दूध हा त्यावरचा इलाज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. आपल्या किती दुकानांत ही बातमी पोचली?

‘मग आयटीआयला जायचं ना,’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आयटीआयचा वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे, आठवी पास मुलालाही तो करता येतो. पण वर्ग दिवसा. ज्याच्या मजुरीवर घर चालतं तो दिवसा वर्गात बसला तर चूल कशी पेटणार? मुस्लिम कामगार मोठ्या संख्येने स्वयंरोजगारात आणि असंघटित क्षेत्रात आहे, हे सच्चर समितीने २००६ सालीच सांगितलं. अशा माणसाला फक्त दिवसाचा वर्ग देणं म्हणजे गोड शब्दांत ‘येऊ नकोस’ म्हणणं. येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. ती चांगलीच आहे, पण जे येत नाही ते त्या कागदाने येत नाही.

१८५५ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. राबणाऱ्याला रात्रीच वेळ असतो, ही साधी गोष्ट त्यांना तेव्हा कळली होती. आमच्या तालुक्याच्या आयटीआयला मात्र ती अजून कळलेली नाही. तिथली मशिनं संध्याकाळी कुलपात असतात. ती आपल्या सर्वांच्या पैशाची आहेत. मगरिबनंतर दोन तास, आठवड्यातून तीन दिवस, सहा महिने, एवढीच मागणी आहे. हिशेब केला तर दीडशे तास होतात. ती कुठल्या एका धर्माची मागणीही नाही. शेजारच्या वस्तीतल्या पोराचे डोळेही तसेच जळतात.

पण शासनाला शिव्या देऊन आपण सुटत नाही. गेल्या दहा वर्षांत आपल्या जमातने या मागणीचा एक तरी अर्ज दिला आहे का? शादी हॉलला एसी बसवायला वर्गणी जमते. वर्गाला लागणारे रॉड, पत्रे आणि काचा यांसाठी का जमू नये? कुरआनात ‘हदीद’ म्हणजे लोखंड या नावाची एक सूरह आहे. लोखंड मऊ करून दिलेल्या दाऊद अलैहिस्सलाम यांचा किस्सा आपण तकरिरीत रंगवून ऐकतो. तकरीर संपवून बाहेर पडताना, समोरच्या दुकानात उघड्या डोळ्यांनी टाके मारणारं पोर मात्र आपल्याला दिसत नाही.

‘दिवसभर राबून पोरं दमतात, रात्री कोण येणार?’ असं मला एका बुजुर्गांनी विचारलं. सगळी येणार नाहीत, हे मलाही मान्य आहे. पण आधी दार उघडा. कुलूप लावलेल्या दारासमोर उभं राहून ‘कुणी येत नाही’ म्हणणं बेइमानी आहे.